डब्यावरची सुई

बुधवार उजाडला की अजूनही माझा हात आधी फ्रीजरकडे जातो. निवृत्त होऊन कित्येक महिने लोटले, घर डोंबिवलीजवळच्या कोपरला, आणि फ्रीजरमध्ये फार तर मटार. पण हाताला हे कोण सांगणार? नोकरीत असताना बुधवारची सुरुवात बर्फाच्या पॅडनं व्हायची. पॅड काढून ओट्यावर ठेवायचं, त्याला घाम फुटू द्यायचा, मग उचलून कानाशी हलवायचं. आत पाण्याचा डुबुक असा आवाज आला की ते लसीच्या निळ्या पेटीत घालायला तयार. आवाज नाही आला तर थांबायचं, मग बाहेर गाडी हॉर्न मारत का असेना. आमचे यजमान परवा म्हणाले, "अगं, मटारची पिशवी कानाला लावून काय ऐकतेस?" मी पिशवी परत आत ठेवली. त्यांना काय सांगू, की मला बुधवार ऐकू येतोय.

लस गरम झाली की बिघडते हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण आमच्या पेटीतल्या बऱ्याच लसी गोठल्या की त्याहून लवकर बाद होतात, हे कुणाला खरं वाटत नाही. म्हणून बर्फ हवा, पण कडक नको. घाम फुटलेला, जरा मवाळ झालेला. नव्या मुलींना मी सांगायचे, लस ही सासूसारखी आहे, फार गरमही चालत नाही आणि फार थंडही चालत नाही. त्या हसायच्या. ज्यांची लग्नं झालेली होती त्या जरा जास्त हसायच्या.

मी महापालिकेची परिचारिका. लोकांच्या भाषेत सुईवाली सिस्टर. माझी शेवटची आणि सगळ्यात लांबलेली नेमणूक ठाण्यातल्या कोलशेतला, खाडीकडच्या कोळी पाड्यात. तिथं देवळाच्या ओसरीवर आमचं लसीकरण चालायचं. एका बाजूला सुकवायला टाकलेले बोंबील, दुसऱ्या बाजूला आकाशात घुसलेले टॉवर, आणि मध्ये माझं टेबल. त्या वासाची सवय व्हायला मला महिनाभर लागला असेल. आता कोपरच्या बाजारात सुकटीच्या टोपलीजवळून जाताना मी मुद्दाम पाय रेंगाळवते. माझ्या माहेरी घाटावर मासळीचं नाव काढलेलं चालत नसे, आणि मी मात्र सुकटीसाठी हळवी झाले आहे.

त्या ओसरीवर माझी एक प्रतिस्पर्धी होती. चांगुणा बय. काळीसावळी, उंच, काष्ट्याचं लुगडं, कानात जड सोनं. म्हातारी होती, पण टोपली डोक्यावर घेतली की पाठ अशी ताठ की मला माझ्या पोकाची लाज वाटावी. मला ती विंचवीण म्हणायची.

"आली का गो विंचवीन?" पेटी टेकवायच्या आतच तिचा आवाज यायचा. "पोरांना डसाला?"

"आले बय. तुला पण डसू का?"

"मना डसशील तर तूच मरशील."

तिची माझी स्पर्धा कशाची, ते सांगायला हवं. आमच्याकडे तान्ह्या मुलाच्या न्यूमोनियाला जुनी माणसं डबा म्हणतात. पोराला डबा झाला. पोट उडायला लागतं, बरगड्यांखाली खळगा पडतो, दूध पिणं सुटतं. त्यावरचा जुना इलाज म्हणजे डाग. लोखंडाची सळई चुलीत लाल करायची आणि बाळाच्या पोटावर टेकवायची. वाचताना तुमच्या अंगावर काटा आला असेल. पण ज्या काळी दवाखाना म्हणजे होडीनं आणि मग पायी जायची गोष्ट होती, त्या काळी आईला काहीतरी करायला हवं असायचं. काहीच न करता बघत बसणं तिला जमत नसायचं. पाड्यात हा डाग चांगुणा बयच्या घरचा. तिच्या सासूचा हात होता, सासूमागून तिचा. पाड्यातल्या चाळिशीपुढच्या कुणाच्याही पोटावरचा सदरा वर करा, बयच्या घरची खूण दिसेल.

"माझा डाग दिसतो तरी," ती मला चिडवायची. "तुझी सुई दिली का नाय, कोनाला कलतंय?"

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. ज्या मुलाला न्यूमोनिया झालाच नाही त्याची आई माझ्याकडे पेढे घेऊन येत नाही. तिला कळतच नाही की काहीतरी टळलंय. आमचा सगळा धंदा न घडलेल्या गोष्टींचा.

बयची एक गोष्ट मात्र मला कोड्यात टाकायची. लसीकरण सुरू व्हायच्या आधी ती ओसरीवर हजर, पाड्यातल्या बायकांना हाकारून आणायची ती, कुणाचं बाळ राहिलं ते सांगायची ती. आणि मी पहिली सिरिंज भरली की उठून चालू लागायची. तान्ह्या बाळाला सुई मांडीत देतात. आईनं बाळाला मांडीवर घेऊन त्याचे पाय घट्ट धरायचे असतात. बहुतेक आया पाय धरतात आणि तोंड फिरवतात. मी दर वेळी ओरडायचे, "तोंड फिरवू नका गं. बाळाकडे बघा. त्याला तुमचा चेहरा दिसला पाहिजे." हे माझं वाक्य निम्मं होईपर्यंत बय ओसरीच्या पायऱ्या उतरून गेलेली असायची. मला वाटायचं, माझा राग. तिचा धंदा मी बुडवला म्हणून.

मग काही वर्षांपूर्वी आमच्या सरकारी पेटीत एक नवी कुपी आली. न्यूमोकोकल लस, कागदोपत्री पीसीव्ही. न्यूमोकोकस नावाचा एक जंतू आहे. कितीतरी माणसांच्या नाकाघशात तो बिनभाड्यानं राहत असतो, लहान मुलांच्या तर फारच, आणि एरवी काही करत नाही. पण एखाद्याच्या छातीत उतरला तर न्यूमोनिया, रक्तात गेला, मेंदूच्या आवरणात गेला तर विचारू नका. ही लस आधी फक्त खासगी दवाखान्यांत मिळायची, परवडेल त्याला. आता ती दीड महिन्याच्या, साडेतीन महिन्यांच्या आणि नऊ महिन्यांच्या बाळाला फुकट. डाव्या मांडीत पाच रोगांची एकत्र सुई, उजव्या मांडीत ही. बायकांना नाव काही उच्चारता येईना. मी सांगून टाकलं, ही डब्यावरची सुई. तेच नाव पाड्यात चाललं. जाता जाता मी हेही सांगायचे, की न्यूमोनिया करणारे जंतू आणखीही आहेत, त्यामुळे सुई घेतली तरी धाप लागली की दवाखाना गाठायचाच.

त्या पहिल्या बुधवारी सगळ्या बायका गेल्यावर बय परत आली. मी पेटी आवरत होते. ती पायरीवर बसली, माझ्याकडे पाठ करून, खाडीकडे तोंड.

"खरंच डब्यावरची हाय?"

"हो बय."

"ही तवा नव्हती का गो?"

"तवा म्हणजे कधी?"

तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाली, "माझा पयला. वामन. डबा झालता त्याना. सासूनं डाग दिला. मी पाय धरलेलं, दोनी हातानी. त्यो माझ्याकरं बघत व्हता." तिनं हात मांडीवर पालथे ठेवले. "मी तोंड फिरवला. परत बघला तवा त्यो माझ्याकरं बघत नव्हता. दुसऱ्या दिवशी गेला."

इतकी वर्षं मी जे वाक्य ओसरीवर मोठ्यानं ओरडत होते, ते तिच्या कानात कसं जात असेल, हे मला त्या क्षणी कळलं. तिचा राग माझ्यावर नव्हताच.

"नव्हती बय," मी म्हटलं. "आपल्याकडेच काय, तेव्हा जगात कुठंच नव्हती ही सुई."

"कुठंच नव्हती?"

"कुठंच नाही."

"मंग बरा," ती म्हणाली. "असती नि मना कलली नसती, तर जास्त लागला असता."

मी विचारलं, असं सगळं होऊनही मग तू स्वतः डाग का देत राहिलीस? ती म्हणाली, पोर घेऊन बाई रडत दारात आली तर नाय कसा म्हनायचा? काही पोरं वाचली. ती एरवीही वाचली असती, हे मला ठाऊक होतं. तिलाही ठाऊक असावं.

त्यानंतर बय माझ्या बाजूची झाली, आणि तिथूनच पंचाईत झाली. माझी नोकरी संपायला वर्ष उरलं होतं. बयच्या नातवाला मुलगी झालेली. नातसून प्राची डोंबिवलीची, शिकलेली, एका दुकानात हिशेबाला होती. मुलगी दीड महिन्याची झाली तशी प्राची तिला घेऊन पहिल्या डोससाठी ओसरीवर आली. उन्हाचा कडाका होता. माझ्याबरोबरची आशाताई बायकांची नावं लिहीत होती. पाड्याच्या टोकाला एक ओली बाळंतीण सुईला घाबरून यायलाच तयार नव्हती, तिला समजवायला मी गेले. पेटीजवळ बयला बसवलं. पाड्यात तिच्याइतकं राखणीचं माणूस दुसरं नव्हतं.

परत आले तर बय विजयी मुद्रेनं बसलेली.

"गो विंचवे, तुझा बर्फ पार घामाघूम झालता. सगली सुई नासली असती. मी केला बरोबर."

पेटी उघडली. आतली मऊ झालेली पॅडं बाहेर काढून ठेवली होती. त्यांच्या जागी बयच्या लेकीच्या मासळीच्या टोपलीतला फोडलेला बर्फ, वर मूठमूठ खडे मीठ, आणि त्यात गळ्यापर्यंत पुरलेल्या माझ्या कुप्या. मीठ घातलं की बर्फ जास्त थंड होतो, कुल्फीवाल्याचं गणित. पापलेट त्यात मस्त राहिलं असतं. मी एक कुपी उचलली. आतली लस गोठून पांढरी झाली होती.

आम्हा सुईवाल्यांच्या पेटीत अशी चूक दुसऱ्या कुणाच्या हातून झाली नसती. ज्यांचं आयुष्य बर्फानं मासळी राखण्यात गेलं, त्यांच्याच हातून ती व्हायची. मला हसू येत होतं आणि रडूही. सगळी पेटी बाद. केंद्रावर फोन केला, दुसरी लस त्या दिवशी येणार नव्हती. बायका कुरकुरत पांगल्या.

"मॅडम, मी सुट्टी टाकून आलेले," प्राची म्हणाली. "आता पुढच्या बुधवारी परत?"

"हो गं. एका आठवड्यानं काही बिघडत नाही."

बय पेटीतला बर्फ ओंजळीनं काढून पायरीवर टाकत होती.

पुढचा बुधवार यायच्या आधीच प्राचीचा फोन आला. बाळाला खोकला, दूध घेत नाही, छाती आत जाते. मी म्हटलं, एक मिनिट थांबू नकोस, रिक्षा कर आणि मोठ्या इस्पितळात ने. ती रडत म्हणाली, "मॅडम, घरी सगळे बसलेत. सासूबाई म्हणतात, आधी डाग. चूल पेटवलीये."

मी निघाले. तो रस्ता मला कधीच इतका लांब वाटला नव्हता. दारात पोचले तेव्हा आत बायकांची गर्दी, चुलीत सळई, तिचं टोक लाल. प्राचीची सासू, म्हणजे बयची सून, बाळाला मांडीवर घेऊन बसलेली. सगळे बयची वाट बघत होते. हात तिचा होता.

बय चुलीपाशी उभी होती. तिनं फडक्यानं सळई बाहेर ओढली आणि पाण्याच्या बादलीत घातली. चर्रर्र झालं.

"आय, अहो काय करता?" सून ओरडली. "पोर जाईल ना."

"डाग दिला तरी जाईल," बय म्हणाली. "मी पाय धरलं तवा पन गेला व्हता. उठ. सिस्टर आली, तिच्याबरोबर जा."

"पण आजवर तुम्हीच—"

"आजवर मना कोन 'नाय' म्हनाला नाय. आज मी म्हनतंय."

प्राचीनं सासूच्या मांडीवरून बाळ उचललं, आणि रिक्षात बय माझ्या शेजारी बसली. तिच्या ओठांची नुसती हालचाल होत होती. ठाण्याच्या रस्त्यावर सिग्नलला थांबलो तेव्हा तिनं माझं मनगट धरलं.

"मी बर्फ घातला म्हनून झाला ना?"

"नाही बय. गेल्या बुधवारी सुई दिली असती तरी इतक्यात तिचं बळ आलं नसतं. पहिल्या सुईनं सगळं होत नाही. आणि हा दुसरा कुठला जंतूही असेल."

"तू खोटा बोलतेस."

"मी तुझ्याशी कधी खोटं बोलले का?"

तिनं माझ्याकडे पाहिलं, पण मनगट काही सोडलं नाही. मी खरंच खरं बोलत होते. तरीही मला वाटतं, ते तिच्यापर्यंत कधी पूर्ण पोचलं नाही. काही माणसं स्वतःला एकदा दोषी ठरवतात आणि मग आयुष्यभर पुरावे गोळा करत राहतात.

बाळ वाचलं. ऑक्सिजन, सलाइन, इंजेक्शनं, आणि रोज जाऊन काचेतून बघणारी बय. पूर्ण बरं झाल्यावर एका बुधवारी प्राची लेकीला ओसरीवर घेऊन आली. मी पॅड कानाशी हलवलं, आवाज ऐकला, कुपी काढली. बय पायऱ्या उतरून गेली नाही. ती टेबलाजवळ आली.

"आन तिना इकडं. मी धरतंय पाय."

प्राचीनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. बय पाय पसरून ओसरीवर बसली, पणतीला मांडीवर घेतलं आणि ते एवढेसे पाय दोन्ही हातांत धरले. मला माझं नेहमीचं वाक्य म्हणायची गरज पडली नाही. सुई टोचली, बाळ किंचाळलं, आणि बय त्याच्या डोळ्यांत बघत राहिली. तिचे डोळे वाहत होते, पण हलले नाहीत.

नवव्या महिन्याचा डोस झाला आणि मग माझा निरोपसमारंभ. केंद्रावर शाल, नारळ, भिंतीवरचं घड्याळ. पाड्यात बायकांनी तांदळाच्या भाकऱ्या आणि कोलंबीचं कालवण केलं. बयनं वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी लांबट माझ्या हातात दिलं. सळई.

"तुझ्याकरं ठेव," ती म्हणाली. "माझ्या घरात राहिली तर कोनतरी मागंल. नि मी मेल्यावर कोनतरी देल."

ती माझ्या बाल्कनीत आहे. जाईच्या वेलाला आधाराला लावली आहे. शेजारीपाजारी विचारतात, बांबू मिळाला नाही का? मी म्हणते, ही मजबूत आहे.

या बाल्कनीत बसून मी काय काय आठवते ते सांगायला लाज वाटते. तान्ह्या मांडीचा चिमटीत धरलेला मऊ भाग. सुईनंतरची ती श्वास अडकलेली क्षणभराची शांतता, आणि मग फुटणारा टाहो. बोंबलांचा वास. विंचवीण ही हाक. सोसायटीतले लोक मला अजूनही सिस्टर म्हणतात, बीपी तपासायला येतात, पण मला कुणी भीत नाही, आणि सुईवालीला लोक भ्यायचे थांबले की ती संपलीच. खालच्या मजल्यावरचे आजोबा परवा म्हणाले, "डॉक्टरांनी न्यूमोनियाची लस घ्या म्हणून सांगितलंय. ती लहान मुलांची ना?" मी त्यांना समजावलं, की हा जंतू दोन टोकांच्या माणसांना धरतो, अगदी तान्ह्यांना आणि म्हाताऱ्यांना. साखर, दमा, हृदयाचं दुखणं असलं तर आणखीच. मोठ्यांना ती सरकारी पेटीतून मिळत नाही, डॉक्टरांना विचारून बाहेर घ्यावी लागते. त्यांना समजावता समजावता मला बय आठवली. तिला साखर होतीच.

मी प्राचीला फोन केला. ती म्हणाली, "मॅडम, थंडीभर आजी खोकत होत्या. डॉक्टरांनी सांगितलंय लस घ्या, पण त्या ऐकतच नाहीत. म्हणतात, म्हातारीची सुई कुठल्या तरी पोराला द्या."

"तिला सांग, तिची सुई कुणाच्या वाट्याची नाही. आणि सांग, विंचवीण येतेय."

ठाण्यातल्या एका ओळखीच्या डॉक्टरीणबाईंकडे ठरलं. प्राची आणि मी बयला मध्ये बसवून घेऊन गेलो. पणती आता चालते, ती आईच्या कडेवर. बय खूपच वाळली होती. पाठ मात्र तशीच. डॉक्टरीणबाईंनी तिला तपासलं, कुपी काढली, सिरिंज भरली आणि माझ्यापुढे धरली.

"सिस्टर, तुम्हीच द्या. मी समोर आहे ना."

खरं सांगायचं तर कोपरहून निघाल्यापासून मी हेच मनात घोळवत होते. त्या कोलशेतच्या ओसरीवर मी हजारदा विचारलं होतं, तुला डसू का? सिरिंज हातात आली आणि बोटं आपोआप जागेवर बसली. कितीतरी महिन्यांनी मला माझे हात माझे वाटले.

बयनं लुगड्याचा पदर सारून दंड उघडा केला. मग खुर्चीतून खाली स्वतःच्या पायांकडे पाहिलं, लटकणाऱ्या, भेगा पडलेल्या.

"माझं पाय कोन धरंल गो?" ती म्हणाली. हसत म्हणाली, पण आवाज हसत नव्हता.

मी सिरिंज डॉक्टरीणबाईंना परत दिली. गुडघे दुखतात, तरी खाली फरशीवर बसले आणि तिचे दोन्ही पाय हातांत घेतले. थंड होते. डॉक्टरीणबाईंनी कापूस फिरवला. बय माझ्याकडे बघत होती.

सुई आत गेली तेव्हाही ती माझ्याकडेच बघत होती. मी तोंड फिरवलं नाही.